द्वंद्वक्रीडा : शरीराचे वजन व सांध्यांच्या दुखापती

कुस्ती, ज्यूदो, सूमो, मुष्टियुद्ध यांसारख्या द्वंद्वक्रीडांत खेळाडूच्या वजनामुळे सांध्यांवर येणारा ताण, त्यातून जडणारी वेदना आणि लढतीत दुखापत होण्याचा धोका यांचा परस्परसंबंध. क्रीडावैद्यक व जीवयांत्रिकी या शाखांत त्याचा विचार होतो. पकडीच्या खेळांत हा प्रश्न मुख्यतः गुडघा व खांदा यांचा असतो. मुष्टियुद्धात हात व मनगट यांना जास्त इजा होते, तेथे वजनाचा संबंध दुरून येतो.

साधे चालतानाही गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, कारण तोल सावरणाऱ्या स्नायूंची ओढही त्यात मिसळते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल, उतारवयातील व्यक्तींच्या २००५ मधील एका अमेरिकन अभ्यासात वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे आढळले. हा आकडा पैलवानांच्या संदर्भातही दिला जातो. मात्र तो संथ चालीचा आहे, झटापटीचा नाही.

द्वंद्वक्रीडेत सांध्यावर प्रतिस्पर्ध्याचेही वजन येते आणि ते बहुधा आडव्या दिशेने येते. पाय मॅटवर रोवलेला असताना समोरच्याचे धड बाहेरून गुडघ्यावर कोसळले, तर गुडघा आत दबतो; आतल्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारा चिवट पट्टा) ताणला जातो, कधी पुढचा अस्थिबंध व मेनिस्कस ही चंद्रकोरीच्या आकाराची गादीही फाटते. ज्यूदोतील ‘कानी बासामी’ हा कात्रीचा डाव याच कारणाने घातक ठरला. १९८० मध्ये जपानमधील एका स्पर्धेत एंदो सुमिओ यांनी हा डाव टाकला असता यामाशिता यासुहिरो यांच्या पोटरीतील बाहेरचे बारीक हाड मोडले. पुढे स्पर्धांतून त्यावर बंदी आली.

जास्त वजनाने सांधा झिजतो तो नेमका कशामुळे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते कारण केवळ यांत्रिक आहे. दुसरा पक्ष १९९४ मध्ये शोध लागलेल्या लेप्टिनसारख्या, चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्यांकडे बोट दाखवतो. शरीराचा भार न पेलणाऱ्या हाताच्या बोटांतही स्थूल व्यक्तींना संधिवात अधिक आढळतो, हा त्याचा प्रमुख आधार. सामान्य लोकांबाबत दोन्ही कारणे ग्राह्य दिसतात. खेळाडूंपुरता मात्र यांत्रिक पक्ष अधिक बळकट वाटतो, कारण त्यांच्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो आणि उंचीच्या वर्गाने वजनाला भागून काढलेला देहभार-निर्देशांक चरबी व स्नायू यांत भेद करीत नाही. फिनलंडमधील माजी अव्वल खेळाडूंच्या १९९० च्या दशकातील अभ्यासांत भारोत्तोलकांच्या गुडघ्याच्या झिजेशी जास्त वजनाचा, तर फुटबॉलपटूंच्या झिजेशी जुन्या दुखापतींचा संबंध दिसला. पकडीच्या खेळांत ही दोन्ही कारणे एकत्र येतात.

व्यावसायिक सूमोत वजनगट नाहीत, त्यामुळे आपल्याहून कितीतरी भारी प्रतिस्पर्ध्याचा भारही गुडघ्यांवर येऊ शकतो. गुडघ्यांच्या दुखापती व आजारपण यांमुळे ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावरून थेट जोनिदान या तळाकडच्या विभागापर्यंत घसरलेला सूमो मल्ल तेरुनोफुजी २०२१ मध्ये योकोझुना या सर्वोच्च पदावर पोहोचला, ही अपवादात्मक घटना होय.

खालच्या वजनगटात बसण्यासाठी वजन घटवण्याच्या पद्धतीही धोक्याच्या ठरतात. पाणी तोडून व घाम गाळून उतरवलेले वजन चरबीचे नसते; थकलेले स्नायू सांध्याला वेळेवर आधार देत नाहीत. ब्रिटिश ज्यूदोपटूंच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पाच टक्क्यांहून अधिक वजन घटवणाऱ्यांना दुखापती अधिक झाल्याचे नोंदले आहे. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावल्यावर तेथील नियम कडक झाले. आंतरराष्ट्रीय कुस्तीत २०१८ पासून वजन लढतीच्या दिवशी सकाळीच घेतात.

वजनगटांचे संरक्षण स्पर्धेपुरतेच असते. खेळाडूचा बहुतेक वेळ सरावात जातो आणि तेथे साठ किलोचा मल्ल नव्वद किलोच्या जोडीदाराखाली सापडणे नेहमीचे आहे. त्यामुळे सरावाच्या जोड्या वजन पाहून लावणे आणि दुखऱ्या गुडघ्याच्या खेळाडूला भारी जोडीदाराबरोबर फेकीचे डाव न देणे, ही काळजी प्रशिक्षकाने घ्यावयाची असते.