पिकअपची हाडं जुनी, फियाटची नवी

सावंतवाडीच्या एखाद्या गॅरेजात प्रीमियर पद्मिनी आणि टोयोटाची हायलक्स पिकअप शेजारी उभ्या केल्या, तर म्हातारी कोण हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. पण दोघींना जॅकवर चढवून खालून बघा. हायलक्सच्या पोटाखाली दोन जाड पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, मागे अखंड एक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मोटारगाडीच्या बालपणापासूनची ही रचना. पद्मिनीला मात्र अशी तुळयांची वेगळी चेसिसच नाही. ती ज्या फियाट 1100 वरून आली, ती 1953 सालीच मोनोकॉक झाली होती: नारळाच्या करवंटीसारखं कवचच सगळा भार पेलतं. पाटे तेवढे तिलाही मागे आहेत.

जुनी रचना पिकअपमध्ये टिकली ती ओझ्यासाठी. हौदात हापूसच्या पेट्या रचल्या की वजन थेट तुळयांवर जातं, केबिनच्या पत्र्यावर ताण येत नाही. त्या ओझ्याच्या हिशेबानेच पाटे कडक ठेवतात. स्प्रिंग जितकी कडक आणि वरचं वजन जितकं कमी, तितकी गाडी भराभर हिंदकळते. म्हणून रिकामी पिकअप खड्ड्यात उडते आणि भरली की शहाण्यासारखी चालते.

आता आंबोली घाट. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद जेमतेम 40 अश्वशक्ती. हायलक्सचं 2755 सीसी डिझेल, 204 अश्वशक्ती. माणसं धरून पद्मिनी 1200 किलो आणि सामानासकट पिकअप 2500 किलो मानली, तर 600 मीटर चढायला एकीला सुमारे 70 लाख जूल लागतात, दुसरीला दीड कोटी. गंमत पुढे आहे. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा कामाला लावतं, टर्बो डिझेल तिसऱ्या हिश्शाहून जास्त. डिझेलच्या लिटरमध्ये मुळात ऊर्जाही थोडी अधिक. त्यामुळे दुप्पट वजन असूनही निव्वळ चढापुरतं इंधन दोघींना लिटरच्या आसपासच लागतं! ब्रेक आणि एअरबॅगची तुलना मी करत नाही. तिथे पद्मिनी केविलवाणी ठरते.

कोकणात खरा निकाल लावतो तो खारा वारा. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. किनाऱ्यावर हे वर्षातले कितीतरी महिने घडतं, पाऊस असो वा नसो. पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो, त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. मुसळधार पाऊस उघड्या भागांवरचं मीठ धुऊन नेतो, पण दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत, चाकाच्या कमानीआड ते तसंच राहतं. नव्या गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यापर्यंत रंगवतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या नशिबी हे लाड नव्हते.

म्हणून जुनी फियाट बघायला गेलात तर बॉनेटआधी पायाखालचं मॅट उचला. पिकअपचा हौद कुजला तर तो बदलता येतो, तुळया शाबूत असल्या की झालं. पद्मिनीची दरवाजाखालची पट्टी आतून कुजली, तर कुजतो तो भार पेलणारा सांगाडाच. ती कापून नवी जोडताना बॉडीला नीट टेकू दिला नाही, तर गाडी मधे खचते आणि दरवाजे लागेनासे होतात.