अर्ध्या सावलीच्या अंगणात काय लावावं?

घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधल्या पट्ट्यात हौसेने लॉन लावायची, वर्षभरात ती विरळ पडायची आणि शेवटी पेव्हर ब्लॉक टाकून मोकळं व्हायचं, असं पुण्यातल्या बऱ्याच बंगल्यांत होतं. लॉनला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते नसेल तर खतपाणी कितीही करा, गवत तग धरत नाही. तिथे जमिनीलगत पसरणारी, सावली सोसणारी झाडंच हवीत.

सावली कशाची आहे, हे आधी बघा. घराच्या उत्तरेचं अंगण हिवाळ्यात जवळपास दिवसभर सावलीत असतं. पण पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ऐन मेमध्ये तिथेच कडक ऊन उतरतं. डिसेंबरात जागा बघून फर्न लावलं, तर उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी रोहिओ किंवा जांभळं सेटक्रेशिया घ्या. सेटक्रेशियाचा रंग सावलीत हिरवटच राहतो, हे आधीच सांगून ठेवतो. छाटताना हातमोजे घाला, दोन्हींच्या चिकाने काहींना खाज सुटते.

आंब्याखाली अडचण वेगळी: माती मुळांनी गच्च आणि कोरडी. तिथे स्पायडर प्लांट उत्तम. पिशवी फाडून बघा, पांढरी मांसल मुळं दिसतील. त्यांत पाणी साठतं, म्हणून एखादा दिवस पाणी चुकलं तरी चालतं. मोंडो ग्रासही जमतं, पण ते फार सावकाश पसरतं. कुदळीने झाडाची मुळं तोडू नका. खुरप्याने मुळांमधल्या जागेत खड्डे घेऊन शेणखत मिसळा. बुंध्याभोवती मातीचा ढीग नको, खोड कुजतं.

नळाजवळच्या कायम ओल्या कोपऱ्यात नेफ्रोलेपिस फर्न किंवा मंडूकपर्णी लावा. पावसाळ्यात गोगलगायी येणारच. संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन वेचणं हाच खरा उपाय.

वेडेलिया पुष्कळ जण मागतात. पिवळी फुलं, झपाट्याने वाढ, शिवाय स्वस्त. तरी आमच्या नर्सरीत आम्ही ते जमिनीत लावायला देत नाही. पेरापेराला मुळं फुटून ते शेजारच्या अंगणात आणि ओढ्याकाठी पसरतं, मग उपटून संपत नाही. मनी प्लांट आणि सिंगोनियम जमिनीवर छान पसरतात, पण घरात कुत्रं-मांजर असेल तर टाळा. पानं चावली की तोंडाची आग होते.

नऊ इंचांवर लावलं तर १०० चौरस फुटांना साधारण १८० रोपं लागतात. खर्च वाचवायचा असेल तर सेटक्रेशियाची अर्धीच रोपं न्या. जून-जुलैत छाटलेल्या कांड्या मधल्या जागेत रोवल्या की सहज लागतात. मोंडोला मात्र ही काटकसर चालत नाही, ते सहा इंचांवरच लावा.

येताना जागेचे सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता काढलेले फोटो आणा.