हातातले जीपीएस संच आणि जिओकॅशिंगची नोंद-संकेतस्थळे

कोणीतरी लपवलेला डबा उपग्रहांच्या मदतीने शोधायचा आणि त्यातल्या वहीत आपले नाव लिहायचे, या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. डबे कुठे आहेत हे सांगणारी यादी एखादे संकेतस्थळ सांभाळते आणि त्या जागेपर्यंत नेणारा संच एखादी कंपनी विकते. दोघांपैकी एकाशिवाय दुसऱ्याचे फारसे चालत नसे, निदान पहिली दहा वर्षे तरी. त्यामुळे त्यांच्यात भागीदारी झाली, कुरबुरी झाल्या आणि एकदा सरळ स्पर्धाही झाली. या व्यवहारात यादीचे पारडे नेहमीच जड राहिले. संच दर दोन-तीन वर्षांनी जुना होतो, यादी मात्र प्रत्येक नव्या नोंदीने समृद्ध होत जाते.

खेळाच्या आधी यंत्रे होती. मॅगेलन कंपनीचा नॅव्ह 1000 हा सामान्य ग्राहकासाठीचा पहिला हातातला जीपीएस संच 1989 मध्ये बाजारात आला. गार्मिन कंपनीची स्थापनाही त्याच वर्षीची. ही यंत्रे घेणारे लोक होडीवाले, शिकारी आणि डोंगर भटकणारे होते. अमेरिकी लष्कर नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असल्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मिसळ थांबवण्याची घोषणा केली आणि काही तासांत ती अमलात आली. लोकांच्या हातातले तेच जुने संच एका रात्रीत कितीतरी अचूक झाले. 3 मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यातल्या उपग्रह-दिशादर्शनाच्या चर्चागटात टाकले. ती प्रथम शोधणाऱ्या माइक टीग यांनी अशा जागांची यादी आपल्या पानावर ठेवायला सुरुवात केली. 2 सप्टेंबर 2000 रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केले, तेव्हा जगभरात माहीत असलेले डबे 75 होते. हे संकेतस्थळ चालवणारी सिअ‍ॅटलची कंपनी पुढे ग्राउंडस्पीक या नावाने ओळखली गेली. खेळाच्या जन्मात संच बनवणाऱ्या कंपन्यांचा काहीच हात नव्हता. त्यांना हे गिऱ्हाईक आयते मिळाले.

सुरुवातीला यादी आणि यंत्र यांच्यामध्ये फक्त माणसाचा अंगठा होता. पानावरचे आकडे वाचायचे आणि संचाच्या चार-पाच बटणांनी एकेक अंक फिरवत भरायचे. हे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहिण्याचा प्रघात आहे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशाच्या दिशेने 1.85 मीटर, म्हणजे शेवटचा अंक चुकला तर निभावे, पण त्याआधीचा चुकला की शोधणारा भलत्याच झुडपात. नंतर सिरियल केबल आली. संगणकातून वेपॉइंट, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या जागा, थेट संचात उतरू लागले आणि संचांच्या मर्यादा खेळाच्या अंगावर आल्या. 2000 मध्ये आलेल्या गार्मिनच्या पिवळ्या ईट्रेक्समध्ये 500 वेपॉइंट मावत आणि त्या काळच्या अनेक संचांत वेपॉइंटच्या नावाला सहाच अक्षरांची जागा असे.

जिओकॅशिंग डॉट कॉमवरच्या प्रत्येक डब्याला 'जीसी'ने सुरू होणारा संकेतांक मिळतो. 'जीसी'नंतरचे अंक आधी षोडशमान, म्हणजे 16 चिन्हांच्या (0 ते 9 आणि ए ते एफ) पद्धतीचे होते. त्या पद्धतीत चार जागांत बसणारे संकेतांक संपत आल्यावर संकेतस्थळाने 31 चिन्हांची पद्धत घेतली. तीत आय, एल, ओ, एस आणि यू ही अक्षरे वगळली होती. त्यातल्या बहुतेकांची आकड्यांशी गल्लत होते. या युक्तीने सहा अक्षरांची हद्द आणखी काही वर्षे टिकली. मग त्याही जागा भरल्या आणि संकेतांक सात अक्षरांचे झाले. जुन्या संचांत शेवटचे अक्षर गळू लागले, दोन वेगळ्या डब्यांची नावे सारखी दिसू लागली. उपाय निघाला तो शोधणाऱ्यांच्या गोटातून. जीसॅक नावाच्या संगणक-प्रणालीत 'जीसी' ही दोन अक्षरे कापून उरलेला संकेतांक संचात पाठवायची सोय होती. सगळ्यांचेच संकेतांक 'जीसी'ने सुरू होत असल्यामुळे कापून काही बिघडत नसे.

फाइलच्या स्वरूपातही असाच देवघेवीचा मामला दिसतो. जीपीएक्स हे जीपीएसची माहिती साठवण्याचे, 2002 मध्ये मांडलेले खुले स्वरूप कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही. ग्राउंडस्पीकने त्यात आपली पुरवणी जोडली. डब्याचा आकार, काठिण्य, वाटेचा अवघडपणा, सूचक इशारा आणि शेवटच्या काही शोधणाऱ्यांच्या नोंदी तीत येऊ लागल्या. ही भरगच्च फाइल मात्र वर्गणी भरणाऱ्या सदस्यांपुरतीच होती. फुकट सदस्याला मिळणाऱ्या फाइलीत नाव आणि अक्षांश-रेखांश यापलीकडे फारसे काही नसे. वर्गणीदारांना 'पॉकेट क्वेरी'तून, म्हणजे हव्या त्या डब्यांची फाइल बनवून देणाऱ्या सोयीतून, एका वेळी आधी 500 आणि नंतर 1000 डब्यांची माहिती उतरवता येई. संचाला ती फाइल वाचता येत नसेल तोवर लोक कागद छापून नेत किंवा पाम कंपनीचा छोटा संगणक दुसऱ्या खिशात ठेवत.

2008 च्या आरंभी गार्मिनने कोलोरॅडो मालिका आणली आणि कागद सुटला. हा संच संगणकाला जोडला की साध्या डिस्कसारखा दिसे, त्यातल्या एका फोल्डरमध्ये जीपीएक्स फाइल टाकली की काम संपले. डब्याचे वर्णन, इशारा, आधीच्यांच्या नोंदी सगळे पडद्यावर. परतीची वाटही तयार झाली. 'सापडला' असे बटण दाबले की संच वेळ आणि संकेतांक एका मजकूर-फाइलीत लिहून ठेवी आणि ती फाइल घरी येऊन संकेतस्थळावर चढवली की नोंदींचे कच्चे मसुदे तयार मिळत. ओरेगन, डकोटा या गार्मिनच्याच मालिका, तसेच डीलॉर्म, लोरान्स आणि मॅगेलन या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. मॅगेलनने 2010 मध्ये एक्सप्लोरिस्ट जीसी हा संच खास या खेळासाठी म्हणून विकला. त्यात लोकप्रिय डबे आधीच भरलेले असत आणि खोक्यासोबत जिओकॅशिंग डॉट कॉमची महिनाभराची वर्गणी येई. संच खपला की संकेतस्थळाला सदस्य मिळण्याची शक्यता वाढे आणि सदस्य वाढले की संचाला मागणी, असे ते गणित होते.

कोलोरॅडोसोबतच ग्राउंडस्पीकने व्हेरिगो ही खेळाची नवी जात आणली. लुआ या संगणकीय भाषेत लिहिलेली पटकथा संचात चालते आणि खेळाडू एखाद्या जागी पोहोचला की गोष्ट पुढे सरकते. गार्मिनच्या संचात ही पटकथा चालवणारा प्लेअर अंगभूत होता. भागीदारी इतकी जवळची पुन्हा क्वचितच झाली असेल. ती टिकली मात्र नाही. ओरेगन 600 पर्यंत येता येता गार्मिनने हा प्लेअर काढून टाकला. तोवर तयार झालेल्या पटकथा लोक पुढे फोनवर खेळू लागले.

खरी ठिणगी 2010 च्या शेवटी पडली. आधी गार्मिनने 'चर्प' नावाचे बिनतारी बटण विकायला काढले. नाण्यापेक्षा थोडे मोठे हे बटण कुठेतरी दडवायचे, त्यात पुढच्या टप्प्याचे अक्षांश-रेखांश भरायचे, जवळून जाणाऱ्या संचाला ते कुजबुजते. अडचण एवढीच की ऐकू यायचे ते गार्मिनच्याच काही संचांना. नोंदीच्या मजकुरात जाहिरात नको, हा संकेतस्थळाचा जुना नियम होता, आणि एकाच कंपनीच्या संचावर अडणारा डबा त्या नियमात अवघडून बसत होता. शेवटी अशा नोंदींसाठी कंपनीचे नाव न घेणारे 'बिनतारी दीपक' असे चिन्ह रूढ झाले.

डिसेंबर 2010 मध्ये गार्मिनने ओपनकॅशिंग डॉट कॉम हे स्वतःचे नोंद-संकेतस्थळ उघडले. इथे वर्गणी नव्हती. पूर्ण जीपीएक्स फाइल कोणालाही मिळे, नव्या डब्यांच्या नोंदींची तपासणी सदस्यांनीच करायची होती, काठिण्य दशांशात मोजायचे होते आणि डबा किती भन्नाट आहे याला वेगळे गुण होते. संकेतांक 'ओएक्स'ने सुरू होत. कागदावर यातले बरेचसे आधीच्या संकेतस्थळापेक्षा सरस होते. तरीही 14 ऑगस्ट 2015 रोजी ते बंद पडले. ज्याचा डबा जिओकॅशिंग डॉट कॉमवर होता त्याने तोच इथेही नोंदवला, पण शोधणाऱ्याने आपल्या शोधाची नोंद जिओकॅशिंग डॉट कॉमवरच केली, कारण त्याचे शोधांचे आकडे, जुन्या आठवणी आणि ओळखीची मंडळी तिथे होती. गार्मिनने या काळात आपल्या संचांतून जिओकॅशिंग डॉट कॉमचा आधार काढला नाही, आणि काढणे शक्यही नव्हते. गिऱ्हाईक त्यासाठीच तर संच घेत होते.

गार्मिनच्या या संकेतस्थळाची 'ओपनकॅशिंग' नावाच्या जुन्या जाळ्याशी गल्लत होते. जर्मनीत 2005 मध्ये सुरू झालेले आणि पोलंडसह अनेक देशांत पसरलेले ते जाळे स्वयंसेवकांचे आहे आणि गार्मिनचे संकेतस्थळ बंद झाल्यावरही चालू राहिले. त्याच्याही जीपीएक्स फाइली हातातले संच वाचतात.

दरम्यान यादी आणि संच या दोघांनाही तिसऱ्याने, म्हणजे फोनने, गाठले होते. ग्राउंडस्पीकने 2008 मध्येच आयफोनसाठी अ‍ॅप काढले. यादी आणि यंत्र एकाच पडद्यावर आल्यावर केबल, फाइल, फोल्डर यांची गरज नवख्याला उरली नाही. 2015 मध्ये क्रोम ब्राउझरने जुन्या पद्धतीचे प्लगइन (ब्राउझरला जोडायचे छोटे कार्यक्रम) बंद केले, तेव्हा संकेतस्थळावरून एका टिचकीत गार्मिनच्या संचात डबा पाठवणारी जुनी वाटही तुटली आणि नवी बांधावी लागली. 2016 च्या ओरेगन 700 पासून काही संच वाय-फायवरून किंवा जोडलेल्या फोनमधून डब्यांची माहिती स्वतःच ओढून घेतात. तिथेही सदस्यत्व संकेतस्थळाचेच लागते. हातातला संच वापरणारे आता प्रामुख्याने दाट जंगलात, पावसात किंवा फोनला रेंज नसलेल्या भागात फिरणारे आहेत. ईट्रेक्सच्या 2011 च्या मालिकेत दोन एए सेलांवर 25 तास चालण्याचा दावा होता, आणि सेल संपले तर खिशातले दुसरे दोन घालता येतात.