महागडा टॅब्लेट घेताय? लॅपटॉप विकून टाकण्याआधी हे वाचा

“हा टॅब्लेट घेतला तर लॅपटॉपची गरज उरणार नाही ना?” हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आम्ही टॅब्लेटही विकतो आणि लॅपटॉपही. दोन्ही दुरुस्त करतो, जुन्या यंत्रातला डेटा नव्यात भरून देतो. त्यामुळे एखादं यंत्र तुमच्या गळ्यात मारण्यात आमचा काही फायदा नाही. मात्र चुकीची खरेदी झालेला ग्राहक काही महिन्यांनी तेच यंत्र घेऊन परत येतो, तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. महागडा टॅब्लेट बहुतेकांच्या लॅपटॉपची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. पण ज्यांच्या कामात पेन आणि कागद रोज येतो, त्यांच्यासाठी लॅपटॉपच्या जोडीला घेतलेला टॅब्लेट पुरेपूर पैसे वसूल करून देतो. नुसतं वाचायला आणि बघायलाच घ्यायचा असेल, तर सगळ्यात वरचं मॉडेल घेऊच नका.

ताकद कमी पडत नाही

“टॅब्लेट म्हणजे मोठा मोबाईल, त्यावर काम काय होणार!” हे म्हणणं आता जुनं झालं. ॲपलची एम१ चिप नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकबुक या ॲपलच्याच लॅपटॉपमध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तीच चिप आयपॅड प्रोमध्ये बसवली गेली. मे २०२४ मध्ये तर एम४ ही चिप लॅपटॉपच्या आधी आयपॅड प्रोमध्येच आली. १३ इंची पडदा, जाडी जेमतेम ५.१ मिलिमीटर, आत पंखा नाही आणि वेग चांगल्या लॅपटॉपच्या तोडीचा. फोटोशॉप २०१९ पासून आयपॅडवर आहे. व्हिडिओ संपादनासाठी दाविंची रिझॉल्व्ह २०२२ च्या अखेरीस आलं, फायनल कट प्रो २०२३ मध्ये.

त्यामुळे कुणी नुसता चिपचा आकडा सांगून टॅब्लेट विकत असेल, तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. एवढी ताकद असूनही काम अडतं, आणि ते वेगळ्याच ठिकाणी अडतं.

मग अडतं कुठे?

आयपॅड असो वा अँड्रॉइड टॅब्लेट, त्यातलं प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहतं. शेजारच्या खोलीतल्या फाइलला हात लावायचा तर तुमची परवानगी लागते. पाठीमागे चालू राहिलेल्या ॲपला सिस्टीम थोडाच वेळ देते आणि मग झोपवते. याचे फायदे मोठे आहेत. व्हायरसचा त्रास कमी होतो, बॅटरी टिकते आणि टॅब्लेट उघडताक्षणी तयार असतो. पण लॅपटॉपवर आपण ज्या सवयीने काम करतो, म्हणजे पाच प्रोग्राम एकाच फोल्डरवर चालवतो, प्रोग्रामला जादा सोय देणारं, कुठूनतरी आणलेलं प्लगइन बसवतो, एखादं यंत्र जोडलं की ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकतो, ती सवय इथे अडखळते.

हिशेबाचं काम करणाऱ्या एका ग्राहकाचं उदाहरण घ्या. टॅब्लेटवर एक्सेल आहे हे पाहून त्यांनी खरेदी केली. फाइल उघडली, आकडे दिसले, सगळं छान. पण त्यांच्या शीटमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, होते. बटण दाबलं की महिन्याचा अहवाल तयार व्हायचा. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. बटण दिसत होतं, दाबून काही होत नव्हतं. दोष ना त्यांचा, ना टॅब्लेटचा. खरेदीआधी तीच फाइल उघडून बघा, असं त्यांना कुणी सांगायला हवं होतं, आणि त्या वेळी आम्हीही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून सांगतो.

असेच आणखी काही दगड वाटेत आहेत. पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनवरून डिजिटल सही करत असाल, तर त्या टोकनचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोज किंवा मॅकसाठीच असतं. जुना स्कॅनर, बारकोड किंवा लेबलचा प्रिंटर, मोजमापाची उपकरणं यांचंही तसंच. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना तर सांगायलाच नको. आयफोनचं ॲप बनवायचं एक्सकोड हे साधन आयपॅडवर नाही, आणि एका यंत्रात दुसरं आभासी यंत्र चालवायची नेहमीची सोयही नाही.

दरी दरवर्षी कमी होते आहे, हेही खरं. २०१९ मध्ये आयपॅडला स्वतःची वेगळी सिस्टीम मिळाली आणि पेन ड्राइव्ह लावता येऊ लागला. मार्च २०२० मध्ये ट्रॅकपॅड वापरता येऊ लागला. २०२५ मध्ये खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करण्याची सोय आणि वरची मेनूची पट्टीसुद्धा आली. सॅमसंगच्या मोठ्या टॅब्लेटवर डेक्स नावाची सोय चालू केली की लॅपटॉपसारखा डेस्कटॉप दिसतो, पण उघडतात ती ॲप अँड्रॉइडचीच. आमचा सल्ला इतकाच की पुढच्या अपडेटमध्ये काय येईल या भरवशावर खरेदी करू नका. आज जे चालतं तेवढंच तुमचं.

विंडोजचा टॅब्लेट हा वेगळा प्रकार

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी आणला. दिसायला विंडोज, पण जुने विंडोज प्रोग्राम त्यावर चालत नव्हते. लोकांची निराशा झाली, माल पडून राहिला आणि २०१३ मध्ये कंपनीला त्यापायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. पुढे सरफेस प्रोच्या मालिकेने पूर्ण विंडोज दिली आणि ती टिकली. तुम्हाला खरोखर एकच यंत्र हवं असेल आणि काम विंडोजच्या प्रोग्रामवर असेल, तर आम्ही याच प्रकाराकडे बोट दाखवतो. कीबोर्ड काढून ठेवता येणारा हा लॅपटॉपच आहे. हातात धरून वाचायला मात्र तो आयपॅडइतका सुटसुटीत वाटत नाही.

एक काळजी घ्या. २०२४ पासून यातल्या काही मॉडेलमध्ये स्नॅपड्रॅगन हा नेहमीच्या विंडोज लॅपटॉपपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर आहे. बरेचसे जुने प्रोग्राम त्यावर भाषांतराच्या थरातून चालतात, पण ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही. त्या प्रोसेसरसाठी बनवलेला ड्रायव्हर नसेल तर तुमचा प्रिंटर किंवा टोकन तिथे गप्प बसेल.

पेन हेच खरं कारण

टॅब्लेटसाठी जास्त पैसे मोजावेत असं आम्हाला एका कारणासाठी मनापासून वाटतं, ते म्हणजे पेन. लॅपटॉपवर टंकलेखन उत्तम होतं, पण समीकरण लिहायचं, आराखड्यावर खूण करायची, उत्तरपत्रिका तपासायची, हस्तलिखितावर समासात शेरा मारायचा, चित्र काढायचं, ही कामं ट्रॅकपॅडवर केविलवाणी होतात. हात जे शिकलेला आहे ते त्याला करू दिलं पाहिजे.

यात तांत्रिक बाब काय, तर पेनची चाल आणि पडद्यावर रेघ उमटणं यातलं अंतर. हे अंतर जाणवलं की शाई टोकाच्या मागे फरफटत येते असं वाटतं आणि हात आपोआप मंदावतो. आयपॅड प्रोमध्ये २०१७ साली पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होऊ लागला. २०१९ च्या सिस्टीममध्ये ॲपलच्या पेन्सिलचा उशीर २० मिलिसेकंदांवरून ९ वर आल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा छोटा वाटतो, पण दिवसभर चित्र काढणाऱ्या माणसाला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. नुसत्या टिपणांसाठी मधल्या दर्जाचा टॅब्लेटही पुरतो. तोही पेन घेतो, तळहात टेकला तरी रेघा उठत नाहीत.

दुसरी गोष्ट आकाराची. १३ इंची आयपॅड उभा धरला तर पडदा साधारण २० बाय २६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे ए४ कागदापेक्षा थोडासाच लहान. पीडीएफचं अख्खं पान जवळजवळ मूळ आकारात डोळ्यांसमोर येतं. लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर तेच पान अर्धं दिसतं आणि आपण वरखाली करत बसतो. संगीताची नोटेशन, नकाशे, संशोधनाचे लेख, कायद्याची कागदपत्रं रोज वाचणाऱ्यांनी हा फरक स्वतः पाहावा.

कीबोर्ड, वजन आणि मांडी

१३ इंची आयपॅड प्रोचं वजन ५७९ ग्रॅम. हे ऐकून हुरळून जायला होतं. त्याला ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड जोडला की एकूण वजन हलक्या लॅपटॉपच्या आसपास, म्हणजे साधारण सव्वा किलोवर जातं. कारण साधं आहे. लॅपटॉपची बॅटरी आणि सर्किट खाली कीबोर्डाच्या पोटात असतात. टॅब्लेटमध्ये ते सगळं पडद्यामागे. वरचा भाग जड, म्हणून तो मागे कलंडू नये यासाठी कीबोर्डही जड करावा लागतो. टेबलावर चालून जातं. मांडीवर लांबलचक मजकूर लिहायचा तर लॅपटॉपच बरा.

खर्चही असाच चढत जातो. जाहिरातीत दिसते ती नुसत्या टॅब्लेटची किंमत. कीबोर्ड वेगळा, पेन अनेकदा वेगळा, जागा जास्त हवी तर त्याचे वेगळे. सगळं मिळून बेरीज चांगल्या लॅपटॉपला गाठते, कधी ओलांडतेही. आयपॅडमध्ये नंतर साठवण वाढवता येत नाही, म्हणून आधीच विचार करून घ्या.

दुरुस्तीबद्दल, आमच्या टेबलावरून

लॅपटॉपचा पडदा फुटला तर मॉनिटर जोडून त्या दिवसाचं काम तरी उरकतं. टॅब्लेटचा पडदा फुटला की टचही जाऊ शकतो आणि यंत्र हातात असून बंद पडल्यासारखं होतं. बॅटरी बदलायची तर बहुतेक टॅब्लेटमध्ये गोंद गरम करून पडदाच उचलावा लागतो. काम नाजूक, धोका जास्त. म्हणून दोन गोष्टी करा: पहिल्या दिवसापासून कव्हर वापरा, आणि टॅब्लेट सतत चार्जरलाच जोडलेला राहणार असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करा. अनेक नव्या टॅब्लेटमध्ये ती आहे. एकमेव यंत्र म्हणून टॅब्लेट वापरणाऱ्यांनी बॅकअपची व्यवस्था विकत घेतानाच लावून घ्यावी. आम्ही ती लावून देतो.

दोन्ही असतील तर

लॅपटॉप चांगला चालत असेल आणि टॅब्लेट जोडीला येणार असेल, तर त्याला दुसरा पडदा म्हणूनही कामाला लावा. मॅक आणि आयपॅडमध्ये ही सोय २०१९ पासून आहे, सॅमसंगचे बरेच टॅब्लेट विंडोज लॅपटॉपला अशी साथ देतात. एका पडद्यावर मूळ कागद, दुसऱ्यावर लिखाण. ही सोय आम्ही स्वतः रोज वापरतो.

येण्याआधी एवढं करा

एक आठवडा लॅपटॉपजवळ एक कागद ठेवा. लॅपटॉप ज्या ज्या कामासाठी उघडाल ते काम एका ओळीत टिपा. कुठला प्रोग्राम वापरला, काय जोडलं, तेही लिहा. तो कागद आमच्याकडे घेऊन या. सोबत तुमची सर्वांत मोठी फाइल, सर्वांत त्रासदायक फाइल आणि जे यंत्र किंवा टोकन तुम्ही जोडता तेही आणा. पासवर्ड आम्हाला सांगू नका, लॉगिन तुम्हीच करा.

आमच्याकडे दाखवायला ठेवलेल्या टॅब्लेटवर ही सगळी कामं तुमच्यासमोर करून पाहू. टेबल बाजूला सारून, खुर्चीवर बसून, कीबोर्ड मांडीवर घेऊन दोन परिच्छेद लिहून बघा. पेनाने एक पान लिहा. साधारण अर्धा तास लागतो, त्याचे पैसे आम्ही घेत नाही, आणि त्या दिवशीच खरेदी करायला हवी असंही नाही.