घेण्याची रीत: उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी आणि वनस्पती

वनस्पतींशी आदराने वागावे, असे म्हणताना हल्ली उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांचा दाखला हमखास दिला जातो. पण त्या दाखल्यात बहुधा चिमूटभर तंबाखूचे अर्पण आणि झाडाची मागितलेली परवानगी एवढेच उरते. हे विधी खरे आहेत, आजही पाळले जातात. मात्र त्यांच्यामागे काढणीची एक काटेकोर शिस्त होती. कोणी, केव्हा, किती घ्यायचे आणि मागे काय ठेवायचे, हे तीत ठरलेले असे. गेल्या दोन शतकांत ही शिस्त आधी कायद्याने मोडली गेली, आणि नंतर तिच्याच खुणा न्यायालयांत पुरावा म्हणून मांडल्या गेल्या.

भाषेपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. पंचमहासरोवरांच्या परिसरातील ओजिब्वे लोकांच्या भाषेत नामांचे सचेतन आणि अचेतन असे दोन वर्ग आहेत. ‘मितिग’ हा शब्द झाड या अर्थाने सचेतन असून त्याचे अनेकवचन ‘मितिगूग’ होते; तोच शब्द काठी या अर्थाने अचेतन ठरतो आणि त्याचे अनेकवचन ‘मितिगून’ होते. मराठीत वड ‘तो’ आणि चिंच ‘ती’ असली, तरी त्या भेदाचा जिवंतपणाशी संबंध नाही. अर्थात व्याकरणावरून साऱ्या समाजाचे तत्त्वज्ञान वाचण्याचा मोह टाळलेला बरा, कारण याच भाषेत रासबेरी सचेतन आणि स्ट्रॉबेरी अचेतन आहे.

खरी रीत दिसते ती सरोवरावर. ओजिब्वे ज्याला ‘मनूमिन’ आणि इंग्रजीत ‘वाइल्ड राइस’ म्हणतात ते उथळ, संथ पाण्यात उगवणारे धान्य आहे. ‘जिथे अन्न पाण्यावर उगवते तिथे थांबा’ अशा भाकितामुळे आपले पूर्वज पूर्वेकडून येथवर आले, असे त्यांची स्थलांतराची कथा सांगते. उन्हाळा संपता संपता काढणी सुरू होते. होडीत दोघे असतात: एक जण लांब बांबूसारख्या दांड्याने होडी पुढे ढकलतो, दुसरा एका काठीने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीने ओंब्यांवर हलकेच टोला देतो. पिकलेले दाणे तेवढे होडीत पडतात, काही पाण्यात पडून तळाच्या चिखलात रुजतात, आणि हिरवे दाणे ताटावरच राहतात. एकाच ओंबीतले दाणे एकदम पिकत नसल्यामुळे त्याच पट्ट्यात काही दिवसांनी पुन्हा जावे लागते. टोला जोरात बसला, तर ताट मोडते आणि पुढची फेरी वाया जाते. काही ठिकाणी स्त्रिया काढणीपूर्वीच ताटांच्या पेंढ्या सालीच्या दोरीने बांधून ठेवत, त्यामुळे पाखरांपासून राखण होई आणि कोणता पट्टा कोणाचा हेही कळे. एवढी निगराणी असलेल्या पिकाला युरोपीयांनी ‘रानटी’ हे विशेषण लावले, आणि ते आजतागायत चिकटून आहे.

या धान्याचा उल्लेख थेट करारात आहे. 1837 मध्ये ओजिब्वेंनी आजच्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधील मोठा भूभाग अमेरिकेच्या सरकारला दिला, पण त्या जमिनीवर शिकार, मासेमारी आणि मनूमिन गोळा करण्याची मुभा पाचव्या कलमात राखून ठेवली. 1850 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने ती मुभा काढून घेतली. हा अधिकार अजूनही शाबूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने मान्य केले. मधल्या काळात, सामुदायिक जमीन व्यक्तींना वाटून देणाऱ्या 1887 च्या कायद्यानंतर, देशभरातील मूलनिवासींकडची जमीन 13.8 कोटी एकरांवरून 1934 पर्यंत 4.8 कोटी एकरांवर आली होती. अधिकार कागदावर टिकला तरी सरोवराकडे जाणारी वाट परक्याच्या मालकीची झाली असेल, तर काढणी कशी करायची, हा प्रश्न उरलाच.

त्यानंतरचा वाद बियाण्याचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे धान्य बांधबंदिस्तीच्या शेतात घेता यावे म्हणून संशोधकांनी दाणे न झडणारे वाण तयार केले, कारण यंत्राने कापणी करायची तर सगळे दाणे एकाच वेळी ओंबीत हवेत. जुन्या रीतीत दाण्याचे पाण्यात पडणे हेच पुढच्या वर्षाचे बियाणे होते. नव्या वाणात नेमका तोच दोष समजून काढून टाकला गेला. दोन दृष्टींमधले अंतर इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. मिनेसोटातील व्हाइट अर्थ या राखीव क्षेत्रातील ओजिब्वेंनी 2018 च्या अखेरीस मनूमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क देणारा ठरावच केला, आणि 2021 मध्ये तेलवाहिनीच्या वादात या वनस्पतीच्या नावाने त्यांच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तो टिकला नाही; आपल्या हद्दीबाहेरच्या कृतींवर अधिकार चालत नाही, असे त्यांच्याच अपील न्यायालयाने 2022 मध्ये ठरवले.

कॅलिफोर्नियात मोडलेली रीत आगीची होती. कारुक आणि युरोक लोकांच्या टोपल्या हेझेलच्या सरळ, लवचिक फोकांपासून विणल्या जातात, आणि असे फोक झुडूप जाळल्यानंतर नव्याने फुटतात. म्हणून ठरावीक काळाने थोडा थोडा भाग जाळला जाई. 1850 मध्ये राज्याने मूलनिवासींविषयी केलेल्या कायद्यात माळरान जाळणे दंडनीय ठरले, आणि विसाव्या शतकात संघीय वनखात्याने प्रत्येक वणवा ताबडतोब विझवण्याचे धोरण आणले. फोक वाकडेतिकडे येऊ लागले, आणि जंगलात वाळलेला पालापाचोळा साचत गेला. मोठ्या वणव्यांनी होरपळल्यावर 2021 मध्ये राज्याने परंपरेने आग लावणाऱ्यांवरील, आग विझवण्याच्या खर्चवसुलीची टांगती तलवार बरीचशी दूर करणारा कायदा केला.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हीच गोष्ट लाल सीडरच्या झाडावर कोरलेली दिसते. वसंताच्या अखेरीस रस चढू लागला की बुंध्याला खाली एक आडवा छेद देऊन साल सैल करतात आणि मागे सरत ती वर ओढतात. पट्टी निमुळती होत होत उंचावर आपोआप तुटते. बाहेरची खरबरीत साल तिथेच सोलून टाकली जाते, आतली मऊ साल दोर, चटया, टोप्या यांसाठी घरी येते. घेराचा लहानसा भाग सोडून बाकी साल शाबूत ठेवल्यामुळे झाड जगते आणि जखमेच्या दोन्ही कडांनी नवे लाकूड धरत शतकानुशतके वाढत राहते. व्हँकुव्हर बेटाजवळील मिअर्स बेटावर वृक्षतोड होणार होती, तेव्हा 1984 मध्ये तेथील त्ला-ओ-क्वि-आत लोकांनी बेट आपले उद्यान म्हणून जाहीर केले. 1985 मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या अपील न्यायालयाने तोडीला मनाई केली. अशी सोललेली झाडे त्या दाव्यात महत्त्वाची ठरली, कारण जे जंगल अस्पर्श म्हणून तोडायला निघाले होते त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर दिसत होता.

वणांच्या कडेची वलये मोजून साल कोणत्या वर्षी काढली हे सांगता येते, आणि त्या प्रांताच्या वारसा कायद्याने 1846 पूर्वीच्या अशा झाडांना संरक्षण दिले आहे. 1846 हे ब्रिटिश सार्वभौमत्वासाठी धरले जाणारे वर्ष आहे. त्यानंतर सोललेल्या झाडांना हे संरक्षण आपोआप मिळत नाही, मग साल काढणारी व्यक्ती त्याच कुटुंबातली आणि रीत तीच असली तरीही.