पीअर सपोर्टर (मानसिक आरोग्य)

स्वतः मानसिक आजारातून किंवा व्यसनातून गेलेली, बऱ्यापैकी सावरलेली आणि प्रशिक्षण घेऊन इतर रुग्णांना आधार देणारी व्यक्ती. निदान करणे किंवा गोळ्यांचा डोस बदलणे हे तिचे काम नव्हे.

या कल्पनेचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात सापडते. तेथील मनोरुग्ण विभागाचा प्रमुख झां-बाप्तिस्त प्युसँ गंडमाळेचा रुग्ण म्हणून तिथे आला होता. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तो परिचारक नेमी. ते मारझोड करत नाहीत, असा अनुभव होता. मनोरुग्णांना बांधून ठेवणाऱ्या साखळ्या तोडण्याचे श्रेय पुढे बरेचसे तेथील डॉक्टर पिनेल यांना मिळाले, ते पूर्ण न्याय्य नाही. व्यसनमुक्तीत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत संघटनेने (१९३५) हीच वाट धरली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये या सेवेचा खर्च मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून देण्यास सुरुवात केली आणि तिला पगारी व्यवसायाचे रूप आले.

महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे कार्यकर्ते झाले. स्किझोफ्रेनियासाठीही पुण्यात स्वमदत गट चालतात. अशा गटातले प्रश्न साधे, पण ओपीडीच्या घाईत राहून जाणारे असतात: गोळीमुळे सकाळी डोळे उघडत नाहीत, वजन वाढले, मुलाखतीत मधल्या दोन वर्षांचे काय सांगायचे, स्थळ आले तर आजार कधी सांगायचा? ‘मीही रात्रीची गोळी लवकर घ्यायला लागलो, पण आधी डॉक्टरांना विचारून,’ हे वाक्य समदुःखी माणसाकडून आले की पटते. गुजरातमधील सरकारी मानसिक आरोग्यसेवेत २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ उपक्रमावर आधारित प्रकल्पांतर्गत असे स्वयंसेवक तयार करण्यात आले.

लक्षणे कमी करण्यात या सेवेचा परिणाम माफक दिसतो; आशा आणि स्वतःवरचा विश्वास वाढण्यात तो अधिक जाणवतो. खरी अडचण नेमणुकीनंतर येते. स्पष्ट कामवाटप नसेल तर हा माणूस वॉर्डातला बिनपगारी मदतनीस होऊन बसतो, आणि कर्मचाऱ्यांच्या लेखी पेशंटच राहतो. म्हणून मानधन, नियमित देखरेख आणि स्वतःचा आजार उलटल्यास रजा हे आधीच ठरवावे लागते. गटात सांगितलेले बाहेर जात नाही. अपवाद जिवाच्या धोक्याचा. कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर ते लगेच उपचार करणाऱ्यांना कळवायचे, आणि हे त्या व्यक्तीला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे.