चातुर्मासाचा नेम (ठाणे परिसर)

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत एखादी गोष्ट स्वतःहून सोडण्याचा, किंवा रोज न चुकता करण्याचा जो निश्चय केला जातो, त्याला चातुर्मासाचा नेम म्हणतात. पहिली एकादशी शयनी आणि शेवटची प्रबोधिनी. या काळात विष्णू शेषावर निजतो अशी श्रद्धा आहे, म्हणून लग्नमुंजीसारखी कार्ये थांबतात आणि माणसाने आपल्या अंगणापुरते, आपल्या ताटापुरते व्रत धरावे असा संकेत आहे. व्रतांचे शास्त्र मोठे असले तरी नेम ही मुळात घरगुती गोष्ट आहे. त्याला पुरोहित लागत नाही, मुहूर्त लागत नाही. देवासमोर हात जोडून मनात म्हटले की नेम सुरू झाला.

ठाण्यात या आचाराचे आटोपशीर रूप जास्त दिसते. ‘चातुर्मास करता का?’ असे क्वचितच कोणी विचारते. विचारतात ते ‘श्रावण पाळता का?’ हा श्रावण कुणाकडे महिनाभराचा असतो, कुणाकडे गणपती विसर्जनापर्यंतचा. त्यात मांसमच्छी वर्ज्य असते आणि बऱ्याच घरांत कांदा-लसूणही.

काळ

चातुर्मास म्हणजे पावसाचे चार महिने, असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्ण बरोबर नाही. हवामान खात्याच्या सध्याच्या सरासरीनुसार मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. शयनी एकादशी जूनअखेर ते जुलैच्या उत्तरार्धात केव्हाही पडते आणि प्रबोधिनी बहुधा नोव्हेंबरात. म्हणजे पाऊस चांगला मुरल्यावर चातुर्मास बसतो आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरचा सगळा ताप अंगावर घेऊन थंडीच्या दाराशी उठतो. वर्षा आणि शरद असे दोन ऋतू, दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे, एकाच नेमाखाली येतात. हे लक्षात घेतले नाही तर पुढचे बरेचसे कळत नाही.

मधे अधिक महिना आला की चारांचे पाच महिने होतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे २९ जूनला सुरू झालेला चातुर्मास २३ नोव्हेंबरला संपला. त्या वर्षी बहुतेक घरांनी १७ ऑगस्टपासूनचा निज, म्हणजे नेहमीचा, श्रावण पाळला. ज्यांनी दोन्ही पाळले, त्यांचा नेम खरा कसाला लागला.

नेमाचे प्रकार

सोडण्याचे नेम आणि करण्याचे नेम, अशी ढोबळ वाटणी करता येते. सोडण्यात पालेभाजी, गोड, चहा, पादत्राणे, गादीवर झोपणे असे काहीही येते. जेवणाच्या पद्धतीचेही नेम आहेत : दिवसातून एकदाच जेवणे (एकभुक्त), एकदा वाढलेले तेवढेच खाणे (एकवाढी), एक दिवस जेवून एक दिवस उपास (धारणे-पारणे), जेवताना मौन. करण्याच्या नेमांत तुळशीला प्रदक्षिणा, रोज पोथीचा एक अध्याय, लाख बेल किंवा लाख वाती वाहणे, आणि दारात तेहतीस गोपद्मे काढणे. गोपद्मांचे व्रत पाच वर्षे चालते. फ्लॅटमध्ये अंगण नाही म्हणून ती देवघरासमोर पाटावर काढतात, आणि रांगोळीची चिमूट सांभाळून तेहतीस मोजेपर्यंत मन आपोआप एका जागी बसते.

नेम संपला की उद्यापन. जी वस्तू चार महिने सोडली, ती आधी दुसऱ्याला द्यायची, मग आपण खायची. या क्रमामुळे सोडण्याला अर्थ येतो. मुलांना नेम शिकवायचा असेल तर सुरुवात इथून करावी, कारण शेवटी ते कुणाला तरी द्यायचे आहे हे कळले की मूल उपाशीपणाची कुरकुर करत नाही.

पोथी, वैद्यक आणि स्वयंपाकघर

धर्मग्रंथांतला सर्वांत प्रसिद्ध नेम महिनावार आहे : श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल, म्हणजे डाळी, वर्ज्य. आता यामागचे ‘वैज्ञानिक कारण’ म्हणून ठरलेली उत्तरे दिली जातात. पावसात पालेभाजीवर किडे व चिखल असतो हे खरेच आहे. पण पुढचे तितके सरळ नाही.

आयुर्वेदाची ऋतुचर्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात सविस्तर येते. तिथे वर्षा ऋतूत जठराग्नी मंद आणि वाताचा प्रकोप सांगितला आहे. उपाय म्हणून जुने धान्य, मुगाचे कढण, मध, आणि फार वादळी दिवशी आंबट, खारट, स्निग्ध पण हलके अन्न. नदीचे पाणी, दिवसाची झोप, अतिश्रम आणि ऊन टाळायला सांगितले आहे. शरदात साचलेले पित्त उसळते, म्हणून तिथे साळीचे तांदूळ, मूग, साखर, आवळा, पडवळ हे पथ्य, आणि दही वर्ज्य. म्हणजे वैद्यक दही टाळायला सांगते ते आश्विन-कार्तिकात, पोथी सांगते भाद्रपदात. आश्विनात पोथी दूध सोडायला लावते, तर वैद्यकाच्या दृष्टीने दूध हे पित्त शमवणारे. पथ्य आणि व्रत यांची सांगड प्रत्येक ठिकाणी बसत नाही, आणि ती ओढूनताणून बसवू नये. व्रताचा पाया संयम आहे, पथ्याचा पाया प्रकृती. दोन्ही गोष्टी एका घरात सुखाने नांदू शकतात, फक्त एकीला दुसरीची साक्ष द्यायला लावू नये.

महिने मोजण्यातही गंमत नाही तर बारकावा आहे. काही संप्रदाय एकादशी ते एकादशी मोजतात. तसे मोजले तर दुधाचा नेम आश्विन शुद्ध दशमीला संपतो आणि कोजागरीचे आटीव दूध मोकळ्या मनाने पिता येते. मात्र त्याच हिशेबाने गोपाळकाला दह्याच्या महिन्यात येतो. महिन्याच्या नावाने मोजले तर दहीहंडी सुटते, कोजागरी अडकते. ठाण्यात दहीहंडीचा दिवस केवढा, हे सांगायला नको. काल्याचा प्रसाद नाकारायचा नाही आणि नेमही मोडायचा नाही, अशा वेळी काही घरांत तो जिभेला लावून पुढे दिला जातो.

पोथी, वैद्यक आणि स्वयंपाकघर या तिघांचे जिथे मनापासून जुळते, ती जागा नागपंचमीची आहे. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. मग उरते ते उकडणे. पुरणाची दिंडं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. अग्नी मंद असताना वाफेवरचे, कमी तेलाचे, गरम अन्न पोटात जाते आणि दमट हवेत हळदीच्या पानाचा वास घरभर राहतो. ऋषिपंचमीची भाजीही तशीच : बैलाच्या कष्टाचे काही नको म्हणून परसातले अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळे, सुरण, मक्याचे कणीस एकत्र शिजते, तेलमसाला नावापुरता.

ठाण्यातला चातुर्मास

ठाण्याच्या बाजारात चातुर्मासाची चाहूल पंचांगाआधी लागते. पहिल्या पावसानंतर येऊरच्या आणि त्यापलीकडच्या डोंगरातून आदिवासी बायका पाट्या भरून येतात. आधी शेवळं : जांभळट कोंब, सोबत काकडं, कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी ती वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवीत, आणि होतात ती नेम बसण्याच्या आधी, बहुधा कोलंबी किंवा खिम्यासोबत. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. पोथी श्रावणात शाक सोडायला सांगते, आणि डोंगर मात्र नेमक्या त्याच दिवसांत पाल्याने भरलेला असतो. इथल्या घरांनी यातून आपापली वाट काढली आहे. सोमवारी उपास, बाकी दिवस टाकळ्याची भाजी मूगडाळ घालून. नेम ज्या मातीत पाळायचा, तिथे उगवणाऱ्याकडे पाठ फिरवून तो पाळू नये, असे प्रस्तुत लेखकालाही वाटते.

नेम बसण्यापूर्वी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते. भजी, थालीपीठ, भरीत, कांद्याची पात असे सगळे एका दिवसात खाऊन कांदा चार महिने बाजूला ठेवतात. आषाढी अमावस्येला दिव्यांची पूजा. घरातले समया-निरांजने चिंचेने घासून, पुसून पाटावर मांडायची आणि कणकेचे दिवे उकडायचे. हीच रात्र आता ‘गटारी’ म्हणून ओळखली जाते, हे मनाला लागते. ज्या संध्याकाळी दिवा उजळायचा त्या संध्याकाळीच त्याचे नाव हरवावे, असे होऊ नये. घासलेल्या समईच्या उजेडात लहान मुलांना ओवाळायची रीत ज्या घरांत चालू आहे, तिथे जाऊन ती एकदा पाहावी.

श्रावण लागताच जांभळी नाक्याच्या बाजारात आघाडा, दूर्वा, बेल, केवडा आणि जिवतीचे कागद येतात. कागदावर मुले खेळवणारी जिवती, नरसिंह, कालियामर्दन आणि बुध-बृहस्पती. तो देव्हाऱ्यामागच्या भिंतीला चिकटवायचा आणि शुक्रवारी पूजा करून पुरणाचे दिवे ओवाळायचे. भिंतीला रंग लागला, टाइल आल्या, तरी कागद लावण्याची जागा घरोघर ठरलेली असते.

सोमवारी कोपिनेश्वर. मासुंदा तलावाकाठचे हे देऊळ शिलाहारांच्या काळाशी जोडले जाते. ठाणे तेव्हा श्रीस्थानक, शिलाहारांची राजधानी. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे पोर्तुगिजांकडून घेतल्यावर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी देवालय नव्याने उभारले. गाभाऱ्यातले लिंग एवढे मोठे आहे की पाहणारा आधी थबकतो. पहाटेपासून तलावपाळीवर रांग लागते. हातात शिवामूठ असते : पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. लोकलची वेळ गाठायची असलेले नोकरदार ऑफिसची बॅग खांद्यावर ठेवूनच मूठ वाहतात आणि स्टेशनची वाट धरतात. जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिवालयातही याच दिवशी गर्दी असते.

चेंदणी कोळीवाड्यात हा काळ नारळी पौर्णिमेभोवती फिरतो. सोन्याच्या वर्खाने मढवलेला नारळ मिरवत नेऊन खाडीला वाहतात, घरी नारळीभात होतो. श्रावणात मासे न खाणे म्हणजे माशांच्या विणीला संरक्षण, असेही एक कारण नेहमी सांगितले जाते. पण पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, आणि श्रावण बहुतेक वर्षी तिच्या शेवटी किंवा तिच्यानंतर येतो. ज्यांचे पोट दर्यावर आहे, त्यांनी जाळे सुकत ठेवून विणीचा काळ पाळला तो श्रावणाच्या आधी. शिवाय कायस्थ प्रभू आणि अनेक आगरी-कोळी घरांत भाद्रपदातल्या गौरींना तिखटाचा नैवेद्य असतो. तो चातुर्मासातच पडतो आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, कारण तीही पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच आहे.

वर्षाकाळी एका जागी थांबण्याची कल्पना मुळात एकाच पंथाची नाही. टेंभी नाक्याच्या जैन मंदिर परिसरात साधुसाध्वींचा चातुर्मास असतो. उकळलेलेच पाणी पिणे आणि हिरवी भाजी सोडणे त्यांच्या नियमांतही आहे. बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास पाळून संध्याकाळी ग्रंथवाचन होते.

उपास आणि प्रकृती

उपास म्हणजे साबुदाणा, हे समीकरण मोडायला हवे. साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतून आलेला. तुपात परतलेली, शेंगदाण्याच्या कुटाने जड झालेली खिचडी मंदाग्नीला नक्कीच सोसत नाही. सकाळी ती, दुपारी बटाट्याचे वेफर, संध्याकाळी तळलेले वडे, असा उपास पोटाला विश्रांती देत नाही. राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, ताक, उकडलेले रताळे, फळ यांवर दिवस निभावतो. भगर उत्तमच, पण ती ताजी आणि सुकी घ्यावी, निवडून-धुऊन लगेच शिजवावी. ओल लागलेल्या, बुरशी धरलेल्या भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत.

मधुमेह, गरोदरपण, रक्तदाबाच्या गोळ्या असताना निरंकार उपास धरू नये, धरायचाच तर डॉक्टरांना विचारून. धर्मशास्त्रानेही बालक, वृद्ध आणि आजारी यांना सूट दिली आहे. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य (यज्ञाला चालणारे अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे स्पष्ट वचन आहे. तरी अनेक आया सोमवारी गोळी घेत नाहीत, ‘उपासाला चालेल का’ म्हणून. त्यांना हे वचन मोठ्याने वाचून दाखवावे.

शरीराच्या बाजूने चातुर्मासाचा दुसरा अर्धा भाग जास्त सुखाचा. पावसाने गारठलेले अंग आश्विनात उन्हाने तापते, आणि आश्विन वद्य चतुर्दशीला तेल-उटण्याचे अभ्यंग येते. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळांत काकडआरती असते. पहाटे उठणे हा वेगळा व्यायाम न वाटता सहज घडतो. पाठोपाठ आवळीभोजन, आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवणे. वाग्भटाने शरदात सांगितलेला आवळा इथे ताटात नाही, डोक्यावर असतो.

समाप्ती

प्रबोधिनी एकादशीला देव उठतात, द्वादशीला तुळशीचे लग्न लागते, आणि सोडलेल्या वस्तूचे दान करून नेम सुटतो. ठाण्यातल्या इमारतींत गॅलरीतल्या कुंडीसमोरही अंतरपाट धरला जातो आणि ऊस, आवळा, चिंच, बोरे तुळशीत ठेवली जातात. कांदा-लसूण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात परत येतात. वांगे मात्र अजून नाही. खंडोबाचे कुळाचार असलेल्या घरांत ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, चंपाषष्ठीपर्यंत, थांबते. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तळी भरली, ‘येळकोट येळकोट’ झाले, की मगच पहिले वांगे ताटात पडते.